तुरीच्या ट्रॉलीवर

लांडगा आम्हाला बघूनही पळाला नाही, तेव्हाच मला शंका आली.

बिदरजवळच्या जनवाड्याच्या पलीकडे माळावर आमचं ट्रान्सेक्टचं काम चालू होतं. म्हणजे ठरलेल्या सरळ रेषेत चालायचं आणि दिसतील ती काळविटं मोजायची. लांडग्यांना शिकार किती आहे, ते त्यावरून कळतं. सोबत माझे फील्ड असिस्टंट बसप्पा अण्णा होते.

काळविटं एकदम उधळली. मागून आलेल्या लांडग्यानं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो सरळ आमच्याकडे येत होता. मान खाली, मागचे पाय लटपटत, तोंडातून लाळ गळत.

"म्याडम, ह्यो कामून पळंना?" अण्णांनी हळूच विचारलं.

"पिसाळलाय."

जीप लांब रस्त्यावर होती. जवळच्या शेतात ट्रॅक्टरची एक ट्रॉली उभी होती आणि गावातल्या ओळखीच्या सुमनअक्का एकट्याच तूर कापत होत्या. त्यांची पाठ लांडग्याकडे. आम्ही जाऊन त्यांना वर चढा म्हटलं, तर त्या हसल्या.

"तुमीच म्हनला व्हता की, लांडगं माणसाला काय करत न्हाई."

खरंच होतं. ह्या गावांत मी वर्षानुवर्षं तेच सांगत आले होते. समजवायला वेळ नव्हता. आम्ही दोघांनी त्यांना दंडाला धरून ट्रॉलीवर ओढलं. पाठोपाठ लांडगा आला आणि खालचा टायर कराकरा चावू लागला. अक्कांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

मग तो गावाच्या दिशेनं निघाला. शाळा भरायची वेळ झाली होती.

फोन हातात घेतला आणि क्षणभर थांबले. एकदा पिसाळला म्हटलं, की लोक दिसेल त्या लांडग्यामागे काठ्या घेऊन धावणार. तरी आधी हेडमास्तरांना फोन केला. पोरांना वर्गात घेऊन दारं लावा म्हटलं. मग फॉरेस्टच्या साहेबांना.

"खात्री आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे."

दुपारी तो ओढ्यात मरून पडलेला सापडला. रिपोर्ट रेबीजचाच आला. वाटेत तो दोन कुत्र्यांना आणि एका वासराला चावला होता. माणसाला एकाही नाही. पण त्याच आठवड्यात लोकांनी एक धडधाकट लांडगीही मारली. तिला काहीच झालेलं नव्हतं.

चढताना आमचे हात खरचटले होते आणि उतरताना ट्रॉलीच्या फळीवरची त्याची लाळ हातांना लागली होती. म्हणून बिदरच्या दवाखान्यात आम्ही तिघांनीही सगळी इंजेक्शनं घेतली.

आता गावात बोलताना मी 'धडधाकट लांडगा माणसाला काही करत नाही' असं म्हणते. आणि टीममध्ये नवा माणूस आला की त्याला आधी रेबीजची लस, दुर्बीण नंतर.