सत्तारचाचांची कॉलेजगाडी

मुलगी उतरली की सत्तारचाचा गाडी लगेच हलवत नसत. घराचं दार उघडून आतून कोणीतरी "आली" म्हणेपर्यंत ते तसेच थांबून राहत. शेजारणी हसायच्या. चाचा म्हणायचे, "रस्त्यापर्यंत न्हाई, घरापर्यंत कबूल केलंय मी."

केदारखेड्याहून जालन्याला कॉलेजात जाणाऱ्या आम्ही सात जणी. महिन्याचे पैसे एक तारखेला आगाऊ दिले, की महिनाभर आपली जागा पक्की. माझे वडील, अण्णा, मोठ्या मुश्किलीने तयार झाले होते. त्यांनी आधीच बजावलं होतं, "एकदा जरी पोरीला वाटेत ताटकळावं लागलं, तर कॉलेज बंद."

एका चतुर्थीला वाटेत राजूरच्या गणपतीला आलेल्यांची फाट्यावर ही गर्दी! आमच्यातली सविता आजारी होती, तिची जागा रिकामी. एका माणसाने खिडकीतून नोट पुढे केली. चाचांनी मान हलवली.

"जागा तर मोकळी दिसून राह्यली की!"

"दिसती मोकळी. पण ती विकलेली हाय, भाऊ."

आणि त्या दिवशी जालन्यापर्यंत सविताच्या जागेवर फक्त आमच्या बॅगा बसून आल्या.

दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत, पहिल्याच पेपरला, राजूर मागे टाकल्यावर गाडीची क्लच वायर तुटली. पेपरपेक्षा मला अण्णांची भीती जास्त. चाचा रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि हात पसरून त्यांनी जालन्याची बस थांबवली. आम्हा सातही जणींना चढवलं, तिकिटं स्वतः काढली आणि मागोमाग स्वतःही चढले.

"चाचा, गाडी?" मी विचारलं.

"गाडीचा पेपर न्हाई आज. पैसे मी तुम्हाला पोचवायचे घेतलेत, गाडीत बसवायचे न्हाई."

वर्गात शिरलो तेव्हा प्रश्नपत्रिका वाटणं चालू होतं. पेपर सुटल्यावर बघते तर चाचा फाटकाशी फोनवर एकेकीच्या घरी बोलत होते. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "अण्णांना नका ना सांगू. माझं कॉलेज बंद होईल."

"बेटा, आज लपवलं तर उद्या माझ्या शब्दावर तुला कोण पाठवील? बिलकुल खरं सांगणार."

त्यांनी अण्णांना सगळं सांगितलं. वायर जुनी झाली होती, आधीच बदलायला पाहिजे होती, हेसुद्धा. मी पलीकडचा आवाज ऐकायचा प्रयत्न करत होते. काही कळलं नाही.

संध्याकाळी दुरुस्त झालेली गाडी दारात आली तेव्हा अण्णा ओट्यावर उभे होते. मी मान खाली घालून उतरले. अण्णा सरळ चाचांच्या खिडकीपाशी गेले.

"आमची धाकटी औंदा बारावीला हाय," ते म्हणाले. "पुढल्या जूनला तिचीबी जागा धरून ठेवा."

मी आत पळाले आणि आईच्या गळ्यात पडले.

आता मी जालन्यातच एका दवाखान्यात नर्स आहे. चाचांनी गाडी चालवणं सोडलंय. राजूरला मुलाच्या दुकानात बसतात. परवा गावी जाताना मी तिथं थांबले. चाचांनी चहा मागवला, धाकटीची चौकशी केली, मग विचारलं, "आता येणंजाणं कशानं?"

"स्वतःच्या स्कूटीनं, चाचा."

त्यांचा चेहरा फुलला. चहा अर्धा ठेवून ते बाहेर आले, स्कूटीभोवती एक चक्कर मारली आणि वाकून मागचं चाक अंगठ्याने दाबून पाहिलं.

"हवा कमी हाय," ते म्हणाले. "भरून मंग जा."