केशरबाईंनी खोडलेला शब्द

देवानंद राठोड घनसावंगी तालुक्यातल्या एका तांड्यावर डाकसेवक आहेत. सकाळी टपाल वाटतात, दुपारी कविता लिहितात. आधी ते फक्त मराठीतच लिहीत. लहानपणी आश्रमशाळेत गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची घरची बोली, तोंडातून निघाली की छडी बसायची, त्यामुळे त्या बोलीत लिहावं असं कधी मनात आलंच नव्हतं. दिवाळी अंकांत त्यांच्या कविता छापून येत. तांड्यावर त्या कुणी वाचत नव्हतं. वाचता येणारेच थोडे.

एके दिवशी तांड्यावरच्या केशरबाई पेन्शन घ्यायला आल्या. तीस वर्षं ऊस तोडून बोटांवरच्या रेषा झिजलेल्या. मशीनवर तीनदा अंगठा ठेवला, तिन्ही वेळा मशीननं नाकारला.

"देवा, सही शिकव मला," त्या म्हणाल्या. "मंग या डबड्याला कशाला विचारायचं?"

मंदिराच्या ओट्यावर संध्याकाळचा वर्ग सुरू झाला. पहिल्या आठवड्यात अकरा बाया आल्या, तिसऱ्यात चारच उरल्या. देवानंदनी कारण विचारलं तेव्हा केशरबाईंनी अक्षरओळखीच्या पुस्तकातल्या अननसाच्या चित्रावर बोट ठेवलं.

"हे म्या कधी खाल्लं न्हाई. दिवसभर राबून यायचं आन् न पाह्यलेल्या वस्तू पाठ करायच्या?"

त्या आठवड्यात देवानंदनी आयुष्यात पहिल्यांदा गोरमाटीत लिहिलं. लिपी देवनागरी, ओळी चार-चार. शेळीवर, चुलीवर, उसाच्या फडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. झेरॉक्स काढून वाटल्या. आपलं रोजचं बोलणं कागदावर बघून बाया तोंडाला पदर लावून हसल्या आणि दुसऱ्या दिवशी शेजारणींनाही घेऊन आल्या.

दिवाळीनंतर टोळ्या ऊसतोडीला निघाल्या. केशरबाई आता कोयता धरत नव्हत्या, पण नातवंडं सांभाळायला लेकासोबत गेल्या. झेरॉक्सचे कागद त्यांनी पिठाच्या डब्यात ठेवले होते. चैत्रात परतल्या आणि एक कागद देवानंदपुढे धरला. एका शब्दावर पेन्सिलीची जाड रेघ होती.

"इथं तू भाकर लिहिलंय. आपल्या घरात भाकर कोण म्हणतं?"

"बाटी म्हणतात, याडी," देवानंद म्हणाले. याडी म्हणजे आई. तांड्यावरच्या वडीलधाऱ्या बाईला ते असंच हाक मारतात. "वरच्या ओळीत चाकर होतं. यमक जुळलं म्हणून लिहिलं."

"यमकासाठी घरचा शब्द बाहेर काढलास?"

घरी जाऊन देवानंदनी सगळ्या गोरमाटी कविता तपासल्या. आणखी सतरा शब्द मराठीचे निघाले. छडीच्या भीतीनं आपण किती विसरलो, हे त्यांना तेव्हा कळलं. वाईट वाटलं, पण दुसऱ्या दिवशी टपाल वाटून झाल्यावर वही घेऊन ते केशरबाईंच्या दारात बसले. बाई मिरच्यांचे देठ खुडत ऐकत राहिल्या आणि अडलं तिथं थांबवत राहिल्या.

असं दोन वर्षं चाललं. मागच्या साली पुस्तक निघालं. डाव्या पानावर गोरमाटी, उजव्यावर मराठी. आता आजूबाजूच्या पाच तांड्यांवर वर्गात तेच वापरतात. केशरबाई पेन्शनच्या फॉर्मवर पूर्ण नाव लिहितात. देवानंद तालुक्याला गेले की वर्गही त्याच घेतात.

नवी कविता झाली की देवानंद अजून आधी त्यांनाच ऐकवतात. परवा आश्रमशाळेतल्या छडीवरची मराठी कविता ऐकवून ती गोरमाटीत कशी आणायची ते त्यांनी विचारलं, तर केशरबाईंनी ती पुन्हा वाचायला लावली.

"हिला राहू दे," शेवटी म्हणाल्या. "ही मराठीतच बरी हाय."