नसा वाढवणारी बाई

इथे आखातात, अल हैलच्या किनाऱ्यावर संध्याकाळी चालायला गेलो की ती बाई एका म्हाताऱ्या गृहस्थांसोबत बाकावर दिसायची. इथल्या दाट दुधाच्या करक चहाचा कप अर्धाच भरून त्यांच्या हातात द्यायची आणि दुसऱ्या हाताची बोटं एकेक करून दाबत बसायची. त्यांना काका म्हणायची.

"तुमचे काका का?" एकदा मी विचारलं.

"वडील आहेत. मला ओळखत नाहीत. परक्या बाईने बाबा म्हटलं की घाबरतात."

ती युनिव्हर्सिटीत मज्जातंतूंवर रिसर्च करायची. "उंदराच्या पायातली तुटलेली नस परत वाढते," ती म्हणाली. "मेंदूतलं गेलं की खलास."

"निघेल औषध, इन्शाल्ला," मी म्हणालो. काही कळत नसलं की माणूस असंच बोलतो.

तेवढ्यात म्हाताऱ्यांनी अदबीने तिला विचारलं, "तुम्ही काय काम करता, मॅडम?"

प्रश्न रोजचाच असावा. "नसा पुन्हा वाढतात का ते बघते, काका."

त्यांचा चेहरा उजळला. "माझी मुलगीपण हेच करते. भेटली तर सांगा, जरा घाई कर म्हणावं."

"सांगते," ती म्हणाली आणि त्यांचं पुढचं बोट हातात घेतलं.