चार बोटं वर

माझी ताई झाडं मोजते. सत्तावीस वर्षं हेच काम. जंगलातल्या ठरावीक झाडांना खिळा ठोकून नंबराचा पत्रा लावलेला असतो. दर पाच वर्षांनी तीच झाडं, तीच टेप. घेरावरून झाडांत साठलेला कार्बन वाढला की घटला, ते ठरतं. मी त्याच ऑफिसातला जीपचा ड्रायव्हर, तिचा धाकटा भाऊ. तिच्याइतका शांत मी नाही, हे आधीच सांगून टाकतो.

ताईचा एकच हट्ट. खिळ्याच्या चार बोटं वर मोजायचं. खिळ्याभोवती खोड सुजतं, तिथे टेप लावली की झाड उगाच जाड दिसतं. मी वैतागायचो, "अगं, चार बोटांनी काय जग बुडतंय?" ती म्हणायची, "तू गाडी चालव."

यंदा मोजणीच्या वेळेला नेमका तिचा गुडघा आखडला. तीन आठवडे ती घरी, तेवढ्यात साहेबांनी ठेकेदाराची माणसं जंगलात घातली. त्या दीडशहाण्यांनी टेप थेट खिळ्यावरून गुंडाळली. झालं! साहेब खूश. कार्बन वाढला म्हणे. एवढा, की उतारावरची झाडं तोडून रस्ता काढला तरी चालेल. अरे वा!

शुक्रवारी ताई कामावर आली आणि संध्याकाळी तिनं मोजणीचा कागद पाहिला.

"साहेब, एकशे अठरा नंबर वाढलं? अहो, त्याची साल गेल्या खेपेलाच गळत होती. मेलंय ते."

"बाई, आकडे खोटं बोलत नाहीत."

"गालावर गळू आलं म्हणून माणसाचं वजन वाढलं म्हणायचं का?"

साहेब हसले. "बरं, सोमवारपर्यंत पुन्हा मोजून आणा. मग बघू." उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस! दोन दिवसांत दोनशे बारा झाडं!

ताई गुडघ्याला पट्टा बांधून चढली. टेपचं दुसरं टोक मी धरलं. प्रत्येक खोडावर ती आधी चार बोटं ठेवायची, मगच टेप. रविवारी दुपारी तर ती उतारावर बसूनच सरकायला लागली. मला बघवेना. "खड्ड्यात गेला तो साहेब, घरी चल!" मी ओरडलो. "लिही," ती म्हणाली. मी लिहिलं. बहुतेक झाडांचा घेर गेल्या खेपेला होता तेवढाच. तेवीस झाडं उभ्या उभ्या वाळलेली. जंगलातला कार्बन वाढला नव्हता, घटला होता.

सोमवारी साहेबांनी कागद हातात घेतलेसुद्धा नाहीत.

"अहवाल शुक्रवारी सकाळीच वर गेलाय. आज रस्त्याला मंजुरी आली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग आम्हाला कशाला मरायला पाठवलंत?"

"तुमच्या ताईंचं समाधान व्हावं म्हणून."

ताईचा आवाज चढला नाही. "वरचे लोक तर आकड्या-आकड्याला शंका काढतात. तीन दिवसांत मंजुरी कशी आली?"

साहेबांनी शेवटचं पान तिच्यापुढे सरकवलं. मोजणी करणाऱ्याच्या जागी ताईचं नाव टाईप केलेलं होतं.

"तुमचं नाव दिसलं की कुणी तपासत नाही, बाई."