न झिजलेले खिळे

गणू मिस्त्री निघून गेल्यावर मी त्याचं पोतं ओट्यावर ओतलं. तांब्याचे खिळे. उपटताना वाकलेले, पण अंगानं भरलेले.

श्रीवर्धनला माझं मोडीचं दुकान होतं. मोड म्हणजे फुटके हंडे, तुटक्या समया, जुनं तांबं-पितळ. वजनावर घ्यायचं आणि मुंबईच्या भट्टीवाल्याकडे धाडायचं. यजमानांच्या मागे मीच तराजू धरला. तेव्हा बंदरात सगळे एकमेकांना नावानिशी ओळखत. माल कुठला, हे विचारणं म्हणजे माणसाचा अपमान. सुतारांना तर कोणीच विचारत नसे. मचवा, म्हणजे मालवाहू शिडाची होडी, दुरुस्त करताना निघालेले जुने खिळे मिस्त्रीचे, ही रीतच होती.

पण जुना खिळा खाऱ्या पाण्यात मधोमध बारीक होतो. हे जाड होते, म्हणजे काढायची गरज नसलेले. गणू तेव्हा एकाच मचव्यावर काम करत होता, हुसेन नाखव्यांच्या; नाखवा म्हणजे मचव्याचा मालक. तो मचवा त्याच दिवशीच्या भरतीला सुपारी घेऊन मुंबईला निघायचा होता. मचव्यावर नाखव्यांचे दोन्ही मुलगे जाणार होते.

मी पोतं उचललं आणि खाडीवर गेले. ओहोटीमुळे मचवा चिखलात टेकला होता.

"नाखवा, हे तुमचे खिळे. मी आत्ताच विकत घेतले."

त्यांनी एक खिळा चिमटीत फिरवला. "बाय, घेतेवेळी इचारलंव न्हाय?"

"नाही. चुकलं माझं. आधी मचवा बघा."

नाखव्यांनी सुरीनं तळाजवळचं डांबर खरवडलं. खाली खिळा नव्हता. लाकडाची खुंटी ठोकून वरून डांबर फासलं होतं. पुढे आणखी एक. मग आणखी.

गणूला बोलावून आणलं. तो माझ्याकडे बघतच नव्हता.

"लाकूड पान्यात फुगतंय नाखवा. खुंटी घट्ट बसते. काय बी होत न्हाय."

"व्हय? मग चढ वर. पोरांच्या जागी तू जा मुंबईला."

गणू जागचा हलला नाही. भोवती जमलेल्यांतला एक म्हातारा म्हणाला, "जा की रे, फुगशील तू बी."

कोणी हसलं नाही.

सुपारी उतरवली. भरती आली आणि मचव्याला न नेताच ओसरली. दुसऱ्या गावाहून सुतार आणून तेच खिळे सरळ करून परत ठोकले. गणूला त्या बंदरात पुन्हा काम मिळालं नाही. मला मात्र कोणी काही बोललं नाही, आणि तेच जड गेलं. खिळे घेणारी मी बसले होते, म्हणून तर त्यानं ते उपटले.

पुढे मी नेम केला. कुठल्या मचव्याचं ते सांगायचं, मी मालकाला विचारून येणार, मगच तराजू. "वहिनी फौजदार झाल्या," असं लोक म्हणत. निम्मं गिऱ्हाईक तुटलं. आता ते बंदर, ती माणसं आठवली की बरं वाटतं. नाखव्यांचे मुलगे पुढे स्वतः नाखवे झाले; तेही मोड माझ्याकडेच आणत आणि ती कुठली ते मी न विचारताच सांगत.