गेल्या आठवड्यात किती त्रास झाला?

फॉर्म भरून घ्यायचं काम असलं की किस्से आपोआप साठतात. फॉर्मवर चार चौकटी असतात आणि लोक पाचवंच उत्तर देतात.

रत्नागिरीत एका त्वचारोगाच्या दवाखान्यात मी रिसेप्शनला बसते. सोरायसिस, कोड, जुनाट इसब असलेल्या पेशंटकडून आमच्या डॉक्टर मॅडम एक फॉर्म भरून घेतात. दहा प्रश्न, सगळे गेल्या आठवड्याबद्दल. त्रास अजिबात नाही, थोडा, बराच की खूप? मार्क जितके जास्त, तितकं जगणं अवघड. ‘सोपं आहे,’ असं मॅडमनी मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

मांडवीच्या एक बाई, बँकेत क्लार्क. चेहऱ्यावर कोड. मी काउंटरवरूनच विचारलं, ‘‘गेल्या आठवड्यात त्वचेमुळे लाज वाटली का?’’

‘‘एकदा वाटली.’’

‘‘कधी?’’

‘‘आत्ता. तुम्ही एवढ्या मोठ्यानं विचारलंत तेव्हा.’’

दुसऱ्या दिवसापासून माझं टेबल पार्टिशनच्या आत गेलं.

सावर्ड्याचे एक गुरुजी. सोरायसिस कोपरापासून मनगटापर्यंत. ‘कपडे निवडताना अडचण आली का?’ या प्रश्नावर त्यांनी ‘अजिबात नाही’वर खूण केली. मे महिना, घामानं शर्ट अंगाला चिकटलेला, बाह्यांची बटणं मनगटापर्यंत बंद. मी त्या बटणांकडे बघितलं.

‘‘बारा वर्षं पूर्ण बाह्याच घालतोय,’’ ते म्हणाले. ‘‘निवडायचंय काय त्यात?’’

नवरा-बायकोच्या संबंधांबद्दलही एक प्रश्न आहे. तो विचारताना माझा आवाज अजूनही खाली जातो. राजापूरकडच्या एका वहिनींनी तो शांतपणे ऐकून घेतला.

‘‘आमचे हे मुंबईला असतात,’’ त्या म्हणाल्या. ‘‘हा प्रश्न गणपतीनंतर विचारा.’’

मॅडमनी तिथं ‘लागू नाही’ लिहिलं.

आणि आमचे तात्या. आतल्या गावचे शेतकरी, सत्तरीला आलेले. पहिल्यांदा आले तेव्हा सोरायसिसनं पाठ, पाय, डोकं काही सोडलं नव्हतं. फॉर्मवर मार्क तीसपैकी फक्त सहा. औषधं सुरू झाली, सात-आठ महिन्यांत अंग जवळजवळ साफ झालं. परत फॉर्म भरला, तर एकोणीस.

मॅडम म्हणाल्या, ‘‘तू खुणा उलट्या केल्यास. बोलाव त्यांना.’’

तात्या आत येऊन बसले. मी एकेक प्रश्न परत वाचला. त्यांनी तीच उत्तरं दिली.

‘‘तात्या, अंग तर बरं झालं ना?’’

‘‘झालं की.’’

‘‘मग त्रास वाढला कसा?’’

‘‘तवा मी खंय जायचोच नाय,’’ तात्या म्हणाले. ‘‘घर नि पडवी. त्रास कसला होणार? आता बरं झालं म्हणून गेल्या आठवड्यात पुतणीच्या लग्नाला गेलो. जेवायला बसलो. दोन्ही बाजूच्या खुर्च्या शेवटपर्यंत रिकाम्या.’’

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

‘‘पुढल्या महिन्यात तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न आहे,’’ तात्या म्हणाले.

मी विचारलं, ‘‘मग जाणार नाही ना आता?’’

‘‘जाणार तर. भावाला सांगून ठेवलंय, या वेळी अख्ख्या पंगतीला भात मी वाढणार.’’