बोरमाळेसाठी वाळवंट खणलं

जावयाचे मामा वारले आणि त्यांची ॲरिझोनातली जागा जावयाच्या नावावर झाली. मुलगी-जावई राहतात त्या चँडलरहून गाडीने बरंच लांब जावं लागतं. जागा म्हणजे निवडुंग, दगड आणि एक पत्र्याचं घर. मामांनी लग्न केलं नव्हतं, तिथे एकटेच राहायचे. जावयाने ती विकून टाकली. सोमवारी ती दुसऱ्याची होणार, म्हणून मुलगी, जावई आणि मी रविवारी पहाटेच खणायला निघालो.

शोधायची होती जावयाच्या आजीची, म्हणजे मामांच्या आईची, बोरमाळ. आजी गेल्या तेव्हा माळ सापडली नाही. जावयाच्या मावशीने सगळ्यांसमोर आमच्या विहीणबाईंना चोर म्हटलं. तेव्हापासून दोघी सख्ख्या बहिणी बोलत नाहीत. विहीणबाई लग्नकार्यालाही मागच्या रांगेत बसतात आणि अक्षता पडल्या की निघतात. मामांनी दवाखान्यातून फोनवर जावयाला एवढंच सांगितलं होतं, "माळ आईनेच मला दिली. इकडेच आहे, जागेवर." मावशी म्हणाल्या, "डोळ्यांनी बघेन तेव्हा मानेन."

जावई कॉम्प्युटरवाला. फावडं कधी धरलेलं नाही, पण तयारी मोठी. रुंद काठाची हॅट आणि टोकदार बूट. मुलगी म्हणाली, "अरे, खणायला चाललोय, गॅदरिंगला नाही."

"ऊन लागतं यार."

सोनं पुरलेलंच असणार, यात आम्हा कुणाला शंका नव्हती. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांनी सोनं आणखी कुठे ठेवलंय? आणि जमीन उकरायची तर आधी पूजा हवी. मी हळदकुंकू वाहिलं. जावयाने नारळ दगडावर आपटला. तो फुटला नाही, गडगडत निवडुंगात गेला. जावई आणायला गेला आणि काटे घेऊन आला. मग तो ओणवा उभा, आणि मुलगी भुवयांच्या चिमट्याने एकेक काटा उपटतेय. मला हसू आवरेना, म्हणून मी पदर तोंडाला लावून घरामागे गेले.

जमीन सिमेंटसारखी. मोठ्या कष्टाने एक खड्डा झाला, माणूस आडवा मावेल एवढा. तेवढ्यात शेजारची गोरी म्हातारी आली. हातात दोर, दोराला खेचर. तिने खड्डा बघितला, आम्हाला मोजलं आणि मुलीला विचारलं, "चौथा कोण होता?"

मुलीने मामांचं नाव सांगितल्यावर म्हातारीने दोर जावयाच्या हातात दिला. खेचर मामांचंच होतं. वारसाचंच झालं ते आता.

"याचं मी काय करू?" जावई मराठीत मला म्हणाला. "आमच्या कॉलनीत कोंबडी पाळायला परवानगी नाही."

खेचराने एक हिसका दिला आणि जावई खड्ड्यात बसला.

म्हातारी सांगत होती, मुलगी मला मराठीत सांगत होती. मामा दरवर्षी उन्हाळा सरताना एक दिवस खेचराला न्हाऊ घालायचे. शिंगं नाहीत म्हणून कानांना रंग लावायचे. गोड पोळी भरवायचे आणि गळ्यात मण्यांची माळ बांधायचे. मामांचा पोळा चालला होता तो. शेवटच्या वर्षी माळ बांधली आणि दोन दिवसांनी दवाखान्यात गेले. त्यांनी बांधलेली सोडावी असं म्हातारीला वाटलं नाही. तिला ते पितळी मणी वाटले होते.

मुलीने ओढणीने खेचराच्या गळ्यावरची धूळ पुसली. धुळीखाली सोन्याची बोरमाळ होती. जावई खड्ड्यातून वर आला आणि त्याने नागपूरला आईला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्रीच्या जेवणाची वेळ होती. विहीणबाई पडद्याजवळ आल्या. म्हणाल्या, "आईचीच. तो चेपलेला मणी दिसतो का? मीच चावला होता, लहानपणी." आणि मग, "तिलाही फोन लाव."

मावशीही पडद्यावर आल्या. "गाढवाच्या गळ्यात?"

"खेचर आहे, मावशी."

"त्याचं तोंड नको दाखवू. गळा दाखव."

जावई गुडघ्यावर बसून फोन खेचराच्या गळ्याशी धरून राहिला. खेचर त्याचा कान चाटत होतं. मावशी बराच वेळ बघत राहिल्या.

"ताई, जेवलीस का?" त्या म्हणाल्या.

विहीणबाई म्हणाल्या, "नाही अजून. तू?"

"भाजी करायची आहे."

"कसली?"

जावयाचा हात भरून आला होता. त्याने फोन खाली घ्यायला बघितलं, तर मुलीने मानेनेच नको म्हटलं. तो तसाच बसून राहिला, खेचराच्या गळ्याखाली, आणि त्या दोघींचं वांग्यावरून सुरू झालं.